कुठले मोरे, कुठली खडशी

माणसानं आपल्या व्यवसायाचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो पिशवीत घालून मासळी बाजारात नेऊ नये. मी नेला. चाकणजवळच्या एका गिअरच्या कारखान्यात मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे ट्रकमध्ये चढण्याआधी प्रत्येक गिअर माझ्या टेबलावर येतो आणि दिसायला अगदी जुळ्या असलेल्या दोन गिअरांपैकी पास कोणता आणि रिजेक्ट कोणता, हे मी चष्मा न लावता सांगतो. चष्मा लावला तर जास्त बरोबर सांगतो, पण तो मुद्दा वेगळा. सांगायचं एवढंच, की अशा माणसाला दोन मासे वेगळे ओळखता येऊ नयेत, ही गोष्ट मनाला लागणारी आहे.

गिअरवाल्याचा माशांशी संबंध आला तो हिंजवडीच्या एका कॅबमुळे. माझी मुलगी दीक्षा तिथं एका आयटी कंपनीत आहे. त्या कंपनीत निरंजन नावाचा एक मुलगा आहे. दोघांचं आडनाव मोरे. कॅबची यादी करणाऱ्या माणसानं 'मोरे डी.' आणि 'मोरे एन.' हे एकाच घरातले समजून दोघांना एकाच गाडीत बसवलं. आम्ही ताथवड्याला, ते कासारवाडीला, पण यादीत एकदा बसलेला माणूस यादीतून सहसा उठत नाही. त्यात हिंजवडीचा ट्रॅफिक. एरवी दोन माणसांना एकमेकांचे स्वभाव कळायला जितका काळ जावा लागतो, तितका तिथं एका चौकातच जातो. व्हायचं ते झालं आणि एके दिवशी दीक्षानं जेवताना शांतपणे सांगितलं, की तिला आडनाव बदलायची कटकट नको असल्यामुळे तिनं मोऱ्यांचाच मुलगा पसंत केला आहे.

ही बातमी मी पहिल्यांदा खालच्या मजल्यावरच्या बबनरावांना सांगितली. सांगितली म्हणजे त्यांनी जिन्यात अडवून, घरात चहाला नेऊन काढून घेतली. बबनराव आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि सल्ला देणं हे ते मेंटेनन्समध्ये धरतात. ते म्हणाले, हे लग्न होऊच शकत नाही, एकच आडनाव म्हणजे भावकी झाली. मी म्हटलं, भावकी नाही, ते मोरे वेगळे. बबनरावांना हायसं वाटलं. चहाचा एक घोट घेऊन त्यांनी विचारलं, "वेगळे म्हणजे कुठले मोरे?" मी सांगितलं, ते पाटणकडचे, कोयनाकाठचे, गावी शेतीवाडी आहे, आणि आम्ही बौद्ध, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बबनरावांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, मग तर अवघडच आहे. एकाच कपाच्या पहिल्या आणि शेवटच्या घोटामध्ये त्यांनी माझ्या मुलीचं लग्न दोन उलट कारणांसाठी मोडलं.

निरंजनचे वडील ज्योतीराम मात्र मला पाहताक्षणी आवडले. पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या प्रेसशॉपमध्ये आयुष्य घालवलेला माणूस, त्यामुळे जरा मोठ्यानं बोलतात, पण बोलतात ते मनातलं. त्यांची आणि निरंजनच्या आईची काही हरकत नव्हती. हरकत होती ती ज्योतीरामांच्या आईची. रुक्मिणीबाई गाव सोडून मुलाकडे आल्या त्याला बरीच वर्षं झाली होती, पण मनानं त्या अजून कोयनाकाठीच होत्या. त्यांनी एकच वाक्य सांगितलं होतं: "मोरे असतील, पर आपल्यातलं न्हाईत." त्या आम्हाला भेटायलाही तयार नव्हत्या. निरंजन म्हणत होता, आजीनं हो म्हटल्याशिवाय लग्न करणार नाही. दीक्षा म्हणत होती, मी कुणाच्या होकारासाठी हात जोडणार नाही. मला दोघांचंही पटत होतं आणि हीच माझी अडचण होती.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं, रागही आला. मी लोकांचे गिअर रिजेक्ट करतो, पण आधी माप घेतो. इथं माप न घेताच माझं अख्खं घर नापास झालं होतं. माझ्या मुलीला एकदा बघा, दोन शब्द बोला आणि मग नाही म्हणा, एवढंच माझं म्हणणं होतं. पण ते त्यांच्या दारात जाऊन म्हणायला दार तरी उघडायला हवं.

दार उघडायची युक्ती मला नकळत ज्योतीरामांनीच दिली. कासारवाडी स्टेशनबाहेर चहा पिताना ते सहज म्हणाले, की आईची इथं तशी कशाबद्दल तक्रार नाही, फक्त खडशी मिळत नाही. खडशी म्हणजे त्यांच्या नदीतला मासा, गळाला लागला तर माणसाला ओढत नेणारा. पिंपरीतल्या माशांना ती माऊली हात लावत नसे. त्यांच्या गावी खडशी शिजली, की तिचं डोकं व्याह्याच्या ताटात वाढायची रीत होती, हेही त्यांनी सांगितलं आणि सांगून झाल्यावर आम्ही दोघंही रेल्वे फाटकाकडे बघत बसलो.

मी घरी येऊन जाहीर केलं, की रुक्मिणीबाईंसाठी खडशी आणायची. बबनराव म्हणाले, उत्तम, म्हातारी माणसं पोटातून वळतात. माझी बायको अंजली म्हणाली, "आपण मुलगी देतोय, लाच नाही." मी तिला समजावलं, की ही लाच नव्हे, आमच्या भाषेत याला सॅम्पल म्हणतात. ती काही न बोलता आत गेली. आमच्या घरात चर्चा अशाच संपतात.

पिंपरीच्या मासळी बाजारात मासे विकणाऱ्या केसरबाईंपुढे मी उभा राहिलो तेव्हा माझ्या पिशवीत व्हर्नियर कॅलिपर होता. गिअरची मापं घेतात तो. त्याआधी मी मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिले होते आणि एक गंभीर बाब माझ्या लक्षात आली होती. खडशीसारखाच दिसणारा दुसरा एक मासा आहे, मसळा. व्हिडिओतल्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे, डोकं लांब, ओठ जाड आणि परांवर निळसर झाक असेल तर ती खडशी. पाठीला कुबड असेल तर तो मसळा. पण कुबड वयाप्रमाणे वाढतं, झाक पाण्याप्रमाणे बदलते आणि नावं तर गावागणिक वेगळी. असलं ड्रॉइंग कुणी माझ्या टेबलावर आणलं असतं तर मी आणणाऱ्यासकट परत पाठवलं असतं.

मी कॅलिपर काढून एका माशाच्या डोक्याला लावला. केसरबाईंनी कोयता थांबवला आणि विचारलं, साहेब, मासा खायचाय की मशीनमध्ये बसवायचाय? आजूबाजूच्या बायका हसल्या. मी ज्याचं डोकं मोजत होतो तो रोहू होता. खडशी या बाजारात येत नाही, धरणावर जा, असं केसरबाईंनी सांगितलं. आणि जाताना बजावलं, "बघून घ्या बरं, मसळा गळ्यात मारतील. दोघं सख्खी भावंडं दिसतात." कॅलिपरला चार दिवस वास येत होता. कारखान्यात कुणी काही बोललं नाही, पण मांजर मात्र इन्स्पेक्शनला येऊ लागलं.

मग मी सोसायटीच्या ग्रुपवर चौकशी केली. लिहिलं होतं, 'मला खडशी हवी आहे, मसळा चालणार नाही.' माझ्या फोनला स्वतःची मतं आहेत. त्यानं पाठवलं, 'मला खडूस हवी आहे, मसाला चालणार नाही.' तिसऱ्या मजल्यावरच्या सुमनताईंनी ताबडतोब कमी तिखटाच्या डब्याचा नंबर दिला. चेअरमननी विचारलं, की खडूस हा शब्द ग्रुपवर नेमका कोणाला उद्देशून आहे. अंजलीनं तो मेसेज दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाली, "एक आहे ती पुरत नाही का?"

शेवटी ज्योतीरामच म्हणाले, मी येतो, लहानपणी लई गळ टाकलाय. चाकणच्या पुढं एका धरणाच्या फुगवट्यावर गळानं मासे धरायला परवाना लागतो, म्हणून आम्ही दोघं एका कचेरीत गेलो. तिथला कारकून सज्जन होता, फक्त कामात होता. कोणत्या कामात ते कळलं नाही. त्यानं विचारलं, मासा कोणता? मी खडशी लिहिलं. तो म्हणाला, मसळा लागला तर? मी म्हटलं, पाण्यात परत सोडू. तो म्हणाला, पण तो मसळा आहे हे ठरवणार कोण? मी म्हटलं, साहेब, तेच मी तुम्हाला विचारणार होतो. त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि सांगितलं, की मासा ओळखणं हा या टेबलाचा विषय नाही. बऱ्याच विचारानंतर त्यानं माझ्या अर्जावर 'खडशी अथवा तत्सम' असं लिहिलं. सरकारी भाषेचा मला इतका आदर याआधी कधी वाटला नव्हता.

मग त्यानं दोघांची आधार कार्डं पाहिली. मोरे आणि मोरे. एकाच कुटुंबातले असाल तर एका अर्जात काम होईल, म्हणाला. "नातं काय लागतं?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो. ज्योतीराम प्रेसशॉपच्या आवाजात म्हणाले, "व्याही हाय आमी."

कारकुनानं मान हलवली. व्याही एका कुटुंबात धरत नाहीत. दोन अर्ज करा, दोन झेरॉक्स आणा. झेरॉक्सवाला जेवायला गेला होता, लाइट त्याच्याही आधी गेली होती. एरवी मी त्या कचेरीत तक्रारवही मागितली असती. त्या दिवशी उन्हात उभं राहून दुसरा अर्ज भरताना मला फार बरं वाटत होतं.

रविवारी धरणावर निघालो तेव्हा बबनराव माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण सल्लागार बोलावून येत नसतात. पाण्याकाठी पोचल्यावर त्यांनी आम्हाला गप्प बसायला सांगितलं आणि का गप्प बसावं हे बराच वेळ मोठ्यानं समजावलं. ज्योतीरामांनी पहिला गळ टाकला तो बाभळीला लागला. मी टाकलेला बबनरावांच्या टोपीला लागला आणि टोपी धरणात गेली. ती काढायला मी कंपनीच्या सेफ्टी शूजसकट चिखलात उतरलो आणि बाहेर आलो तेव्हा एकच बूट माझ्याबरोबर होता. दुसरा अजूनही तिथंच आहे. टोपी सापडली.

कणकेच्या गोळ्यांना मासे ढुंकून बघत नव्हते. दुपारी बबनरावांनी वैतागून आपला अर्धा वडापाव ज्योतीरामांच्या गळाला अडकवला आणि म्हणाले, घ्या. थोड्या वेळानं दोरी अशी काही ताणली गेली, की ज्योतीराम बसल्या जागेवरून उभे राहिले आणि उभ्या जागेवरून पाण्याकडे निघाले. मी त्यांना कमरेला धरलं, बबनरावांनी मला. पुष्कळ ओढाताण झाली आणि शेवटी काठावर एक मासा आला. मोठा, सोनेरी, ढालीएवढे खवले आणि चेहऱ्यावर आमच्याबद्दल स्पष्ट नापसंती. आम्ही तिघं एकमेकांच्या गळ्यात पडलो.

आनंद फार टिकला नाही. ज्योतीराम म्हणाले, खडशी. मी सवयीनं वाकून पाहिलं आणि म्हणालो, मला पाठीला किंचित कुबड वाटतंय. ते म्हणाले, ओठ बघा की. मी म्हटलं, ओठ जाड आहेत, पण पाठ सरळ नाही. कॅलिपर काढला, तर तो एवढा उघडेना. परांवर निळी झाक आहे म्हणाले, मला ती करडी दिसली. बबनरावांचं मत पडलं, की ती आभाळाची आहे. ज्योतीरामांचा आवाज चढला. "तुमी गिअर बघा ओ. मासा आमच्या नदीतला हाय."

"तुमच्या नदीतला, तर तुम्हाला ओळखता का येत नाही?" मी म्हणालो.

म्हणालो आणि जीभ चावली. ज्योतीरामांचा चेहरा उतरला. लहानपणापासून खाल्लेल्या माशाबद्दल त्यांना कुणी असं बोललं नसावं. मासा बर्फाच्या खोक्यात गेला, आम्ही गाडीत बसलो आणि चाकण चौकात तासभर अडकलो तरी कुणी एक शब्द बोललं नाही. बबनरावसुद्धा. मी मनात स्वतःला शिव्या घालत होतो. एका कुबडाच्या केसभर टॉलरन्ससाठी मी मुलीचं लग्न धोक्यात घातलं होतं. खडशी म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण जन्मभराची खोड अशी एका रविवारात जात नाही. नाशिक फाट्याला ज्योतीराम समोर बघत एवढंच म्हणाले, "आई सांगंल काय त्ये."

अशा रीतीनं मी रुक्मिणीबाईंच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं ते एका बुटावर, चिखलानं भरलेल्या पँटमध्ये आणि त्यांच्या मुलाशी भांडून. निरंजननं आमची तोंडं बघून दीक्षाला फोन केला, लवकर ये, दोघांचं बिनसलंय. रुक्मिणीबाई खाटेवर बसल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ज्योतीरामांनी मासा परातीत घालून पुढं ठेवला आणि एखाद्या लहान मुलासारखी तक्रार केली: हे म्हणत्यात मसळा, मी म्हणतो खडशी, तूच सांग.

म्हातारीनं मासा हातानं उलटवला, कल्ले उघडून बघितले, खवल्यांवरून बोट फिरवलं. मग तिचे खांदे हलू लागले. आधी मला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"तुझ्या आज्याला खडशीच लागायची," ती ज्योतीरामांना म्हणाली. "मसळा पानात पडला तर ताट सारायचा. म्हणायचा, म्या वासावरनं वळखतो, आपल्या घराला मसळा चालत न्हाई. आता नदीत रोज खडशी गावती व्हय? गावंल त्ये म्या शिजवायची आन् खडशी म्हणून वाढायची. मिटक्या मारत खायचा. मरंस्तवर एकदा बी वळखली न्हाई."

ज्योतीराम खालीच बसले. "म्हंजे आमी खाल्ली ती?"

"तुमी बी त्याच पंगतीत हुता."

माझ्यातला इन्स्पेक्टर गप्प बसायला तयार नव्हता. मी विचारलं, आजी, पण हा नक्की कोणता? तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. पायाकडे पाहिलं, एका बुटाकडे जरा जास्त वेळ. "म्या कधी बघितलंच न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "कालवणात दोगं सारखंच."

तेवढ्यात दीक्षा आणि अंजली दारात येऊन उभ्या राहिल्या. दीक्षाचा चेहरा मला चांगला माहीत आहे. ती कुणाची समजूत काढायला आली नव्हती, गरज पडली तर मला घेऊन परत जायला आली होती. रुक्मिणीबाईंनी मान वर केली.

"कुणाची गं तू?"

"मोऱ्यांची."

"कुठल्या मोऱ्यांच्..."

वाक्य तिथंच थांबलं. म्हातारीचा हात अजून माशावर होता. तिनं खाली बघितलं, परातीतल्या त्या माशाकडे. मला तेव्हा त्या बाईबद्दल माया वाटली. इतकी वर्षं सासऱ्याला हसणाऱ्या माणसाला स्वतःच्याच तोंडून सासऱ्याचा आवाज ऐकू आला, की कसं वाटत असेल, हे मी समजू शकतो.

"ऱ्हाऊ दे," ती अखेर म्हणाली. "कांदा चिराय येतो का?"

"नाही येत, आजी," दीक्षा म्हणाली. "निरंजनला येतो."

"मग हाक मार की त्याला. आन् तू हितं बस माझ्यापाशी. किती वाळलीयास."

कालवण रुक्मिणीबाईंनी स्वतः केलं. अंजली नारळ खवायला बसली आणि दोघींचं लसणाच्या प्रमाणावरून चांगलंच वाजलं. मला त्या भांडणाचा आवाज फार गोड वाटला, कारण परक्या माणसाशी कुणी लसणावरून भांडत नाही. बबनरावांनी पहिल्या घासाला डोळे मिटून सांगितलं, की ही खडशीच, आणि दुसऱ्या घासाला सांगितलं, की मसळ्याची शक्यता नाकारता येत नाही. पानात पडलेलं त्यांनी दोन्ही मतांसकट संपवलं.

पातेल्यात शेवटी माशाचं डोकं राहिलं. ज्योतीरामांनी सवयीनं ताट पुढं केलं. म्हातारीनं पळीनं त्यांच्या मनगटावर हलकेच मारलं.

"तुझं न्हाई त्ये," ती म्हणाली, आणि पळी माझ्या ताटाकडे वळवली.

ज्योतीराम माझ्याकडे बघून ओठातल्या ओठात हसत होते. धरणावर आम्ही त्याच जाड ओठांवरून भांडलो होतो, आणि आता ते डोकं माझ्या पुढ्यात होतं, चष्मा खिशात होता, उजेडही भरपूर होता. निरखून पाहिलं असतं तर मी कदाचित सांगू शकलो असतो, ते खडशीचं आहे की मसळ्याचं.

मी भाकरी मोडली.